बदलीचा माणूस

बाबा गिरणीतून पहिल्या पाळीहून आले की आई आधी त्यांच्या हातातला डबा घ्यायची. पाण्याचा तांब्या नंतर. डबा मोरीत ठेवण्याआधी ती झाकण काढून आत बघायची आणि त्यांचा दिवस कसा गेला ते ओळखायची. डबा पुसल्यासारखा रिकामा असला तर सुट्टी नीट मिळाली. भाकरी संपली पण कालवण तसंच राहिलं, तर बाबांनी उभ्याउभ्या कोरडी भाकरी खाल्ली. आणि डबा भरला तसाच परत आला, तर शेजारच्या साच्यावरचा, म्हणजे मागावरचा, माणूस आला नाही आणि बाबांनी दोनाऐवजी चार साचे सांभाळले, हे तिला विचारावं लागत नसे.

आमची खोली लालबागला होती. बाबांची पाळी सात ते साडेतीन. साडेआठ तासांत अर्धा तास सुट्टी, म्हणजे काम आठ तास. कागदावर हा अर्धा तास सगळ्यांचा होता. पण साचा चालू असताना धागा तुटला तर तो जोडायला तिथं कोणीतरी असावं लागतं, आणि कापडात दोष निघाला तर पैसे कापले जातात ते साच्यावर ज्याचं नाव त्याचे. म्हणून शेजारी माणूस असेल तरच बाबा डबा घेऊन बाजूला बसत. सुट्टी भोंग्याने होत नाही, बदलीच्या माणसाने होते, असं ते म्हणायचे.

गिरणीच्या भाषेत बदली म्हणजे कायम नसलेला कामगार. पाळी सुरू होण्याआधी तो पास घेऊन फाटकावर उभा राहायचा. आत कोणी गैरहजर असेल तर त्याला घ्यायचे, नाही तर तो घरी परत. बाबांनीही कायम होण्याआधी बरीच वर्षं बदलीत काढली होती. फाटकावरून परत फिरण्याचं दुःख त्यांना ठाऊक होतं. तो फाटकावर उभा असतो म्हणून आतल्याला निवांत चार घास खाता येतात, हेही ठाऊक होतं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो कसा संपला, किंवा संपलाच नाही, हे गिरणगावातल्या कोणाला सांगायला नको. बाबा पुन्हा साच्यावर गेले नाहीत. आम्ही डोंबिवलीला आलो आणि ते एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन म्हणून लागले. बारा तासांची ड्युटी आणि एकच माणूस. आई डबा देत राहिली, डबा परत येत राहिला. पण आता तो उघडून ती काही ओळखेनाशी झाली, कारण तो रोज सारखाच यायचा. अर्धा खाल्लेला, भात वाळलेला. साच्यावर असताना त्यांच्याकडे अर्धा तास होता. फाटकावर तो कुठे गेला, हे शोधायला मी पुढे फार वर्षांनी निघाले.

*

गेलं वर्षभर मी लोकांची नेमणूकपत्रं वाचते आहे. ओळखीच्यांची, त्यांच्या मुलांची, आमच्या रस्त्यावरच्या दुकानांत काम करणाऱ्या मुलींची. ज्यांच्याकडे असं पत्रच नाही त्यांना तोंडी विचारलं. पत्रात गुपितं न फोडण्याबद्दल दीड पान असतं, नोकरी सोडण्याआधी किती दिवस कळवायचं याचा परिच्छेद असतो, कंपनीच्या वस्तू परत करण्याची अट असते. मधल्या सुट्टीवर एक ओळ असते. ती बहुधा अशी असते: कामाची वेळ अमुक ते अमुक, त्यात जेवणाची सुट्टी अर्धा तास, मात्र कामाच्या गरजेनुसार वेळेत बदल होऊ शकतो. अर्धं वाक्य देतं आणि उरलेलं अर्धं काढून घेतं. कोणाच्या गरजेनुसार, ती गरज कोण ठरवणार, आणि आज गेलेली सुट्टी उद्या भरून मिळणार का, याबद्दल एकही शब्द नाही.

ही ओळ समजून घ्यायची तर १८८४ सालात जावं लागतं.

त्या वर्षी सप्टेंबरच्या २३ आणि २६ तारखेला परळला गिरणी कामगारांच्या सभा झाल्या. बोलावल्या होत्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी. ठाण्यात जन्मलेले, सत्यशोधक, ‘दीनबंधु’चे संपादक, आणि स्वतः गिरणीत नोकरी केलेले. कारखान्यांच्या चौकशीसाठी तेव्हा सरकारी आयोग नेमलेला होता. त्याच्यापुढे ठेवण्यासाठी जे निवेदन तयार झालं त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या आणि अंगठे केले. मागण्या पाच. रविवारची पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार आणि कायमचं अपंगत्व आल्यास निर्वाहाची सोय.

रविवारची मागणी आपल्याला आठवते, कारण ती १० जून १८९० ला गिरणी मालकांनी मान्य केली आणि तो दिवस अजूनही सांगितला जातो. दुसऱ्या मागणीकडे कोणी फारसं पाहत नाही. साडेपाच हजार माणसांनी मिळून काय मागितलं? अर्धा तास. पहाटेच्या उजेडात आत गेलेला माणूस अंधार पडायच्या वेळी बाहेर येतो, आणि मधे खाली बसण्याची हक्काची वेळ त्याला एकदाही नाही. त्याआधीचा १८८१ चा पहिला कारखाने कायदा होता, पण तो मुलांपुरता. सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांहून जास्त राबवायचं नाही आणि रोज एक तास विश्रांती द्यायची. त्यांच्या आईबापांबद्दल तो गप्प होता.

१८९१ च्या कायद्याने पहिल्यांदा सगळ्यांना अर्धा तास दिला. दुपारी बारा ते दोनच्या मधे कारखाना अर्धा तास थांबला पाहिजे. बायकांना अकरा तासांच्या दिवसात दीड तासाची विश्रांती. त्याच कायद्यात पळवाटही होती: जिथे पाळ्यांनी काम चालतं तिथे दुपारी यंत्र थांबवण्याची सक्ती नाही. देताना काढून घेणारं वाक्य तेव्हापासूनचं आहे.

मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. विजेचे दिवे आल्यावर सूर्यास्ताची मर्यादा गेली. काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या आणि त्यावरून १९०५ मध्ये मुंबईत मोठा असंतोष झाला. मग १९०८ चा आयोग आला. त्याने पाहिलं की कामगार दिवसातला बराच वेळ यंत्रापाशी नसतात. कोणी जेवतो आहे, कोणी विडी ओढतो आहे, कोणी अंग धुतो आहे, कोणी संडासाच्या बाजूला बसला आहे. मालक याला आळस म्हणाले. मी म्हणेन, कायद्याने न दिलेली विश्रांती माणसांनी शरीराने घेतली. आणि ती त्यांना घेता आली, कारण गिरण्या जादा माणसं बाळगून होत्या. एक उठला की दुसरा त्याच्या जागी उभा. पुढे मालकांनी काटकसरीच्या नावाखाली माणसं कमी केली आणि एका माणसाकडे जास्त साचे दिले. अर्धा तास कायद्यात होता तसाच राहिला, पण उठणाऱ्याची जागा घ्यायला माणूस उरला नाही.

*

१८९० हे साल आणखी एका कारणाने माझ्या डोक्यात बसलं आहे. मुंबईच्या डबेवाल्यांची व्यवस्था महादेव हावजी बच्चे यांनी सुरू केली ती याच साली. दादर स्टेशनवर दुपारी साडेअकरा-बाराला उभं राहिलं की ती सगळी धावपळ दिसते. डब्यांनी भरलेली लांब लाकडी फळी डोक्यावर घेतलेला माणूस गर्दीतून वाट काढत जातो आणि लोक बाजूला होतात. हे सगळं एकाच गृहीतावर उभं आहे: एक वाजता कोणीतरी कामावरून उठणार आहे. तो उठला नाही तर डबा वेळेत पोचून काय उपयोग?

आता कायदा काय म्हणत आला ते बघू. १९४८ च्या कारखाने कायद्याचं कलम ५५: सलग पाच तासांहून जास्त काम नाही, त्याआधी किमान अर्ध्या तासाची सुट्टी हवी. कलम ५६: सुट्टी धरून कामाचा पसारा साडेदहा तासांत आटपला पाहिजे. अडीचशेहून जास्त कामगार असतील तिथे कँटीन, दीडशेहून जास्त असतील तिथे विश्रांतीची जागा आणि डबा खायची खोली. ज्यांना उभं राहून काम करावं लागतं त्यांना संधी मिळेल तेव्हा बसता यावं म्हणून बसण्याची सोय, कलम ४४. हा कायदा ज्यांनी लिहिला त्यांना अर्धा तास म्हणजे घड्याळातली तीस मिनिटं एवढंच नव्हे, हे कळत होतं. जागा लागते, बाक लागतो, पाणी लागतं.

त्याच वर्षीचा मुंबई दुकाने व आस्थापना कायदा आणखी उदार होता. पाच तासांनंतर एक तासाची सुट्टी, हा त्याचा मूळ नियम. २०१७ मध्ये महाराष्ट्राने तो कायदा बदलून नवा आणला. त्यात पाच तास राहिले, पण सुट्टी अर्ध्या तासावर आली. मग सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पुढचे बदल मंजूर केले: दुकानांत दिवसाचं काम नऊवरून दहा तास, कारखान्यांत नऊवरून बारा तासांपर्यंत, आणि सलग कामाची मर्यादा पाचाऐवजी सहा तास.

हा एक तास कागदावर लहान दिसतो. बदलापूरहून दादरच्या दुकानात येणारी बाई घरातून आठला निघते. निघण्याआधी सगळ्यांचं करून ती चहासोबत पोळीचा तुकडा खाते. दहाला दुकानात उभी राहते. पाच तासांचा नियम पाळला तर तिचं जेवण तीनला, सहाचा पाळला तर चारला. सकाळी साडेसातनंतर दुपारी चार. हिशेब मांडायला कोणी तज्ज्ञ लागत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९४८ चा कारखाने कायदा मागे पडला. त्यांतल्या एका संहितेत दिवसाचे आठ तास कायद्यातच लिहिले आहेत. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायलाच हवं, हेही त्यात आहे, आणि ते मी मनापासून चांगलं मानते. पण मधली सुट्टी किती आणि किती तासांनी, हे संबंधित सरकारने अधिसूचनेने ठरवायचं आहे. पूर्वी अर्धा तास कायद्याच्या कलमात होता. तो हलवायला विधिमंडळात जावं लागे, तिथे कोणी उठून बोलू शकत असे. अधिसूचना कार्यालयात निघते. लोखंड्यांना ज्या अर्ध्या तासासाठी साडेपाच हजार सह्या गोळा कराव्या लागल्या, तो आता एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकवता येतो. मला याची काळजी वाटते.

आणि एक प्रश्न, जो नेमणूकपत्रात कधीच नसतो. सुट्टी म्हणजे नक्की काय? १९३० च्या आंतरराष्ट्रीय करारात कामाच्या तासांची व्याख्या फार नेमकी केली आहे. ज्या वेळात माणूस मालकाच्या हाताशी असतो तो कामाचा वेळ. ज्या वेळात तो मालकाच्या हाताशी नसतो तीच विश्रांती. या कसोटीवर आपली नेमणूकपत्रं घासून बघावीत. डबा उघडून काउंटरमागे बसायचं, पण गिऱ्हाईक आलं तर उठायचं, ही सुट्टी नव्हे. फोन कानाला लावून खायचं, ही सुट्टी नव्हे. हा अर्धा तास कामाच्या तासांतून वजा होतो, त्याचे पैसे मिळत नाहीत. आणि माणूस त्या वेळातही राबतच असतो.

*

साड्यांच्या एका मोठ्या दुकानात, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या जिन्यावर, मी दुपारी अडीचला चार मुलींना जेवताना पाहिलं. पायरीवर वर्तमानपत्र, त्यावर डबे. वरून कोणी उतरलं की त्या डबे उचलून भिंतीला चिकटायच्या. दुकानात गिऱ्हाइकांसाठी गाद्या होत्या, सोफे होते. त्यांच्यासाठी स्टूलही नव्हतं. दोघी दोघी करून जेवायचं असं ठरलेलं, पण मोसमात ते जमत नाही, म्हणून मिळेल तेव्हा सगळ्याच घाईने उरकतात. पाणी किती पिता, असं विचारलं तेव्हा त्या एकमेकींकडे बघून गप्प झाल्या. संडास तळमजल्यावर, किल्ली मॅनेजरकडे. सकाळी घरून पाणी न पिता निघायची सवय चौघींनाही लागली होती. लघवीला जळजळ होते हे एकीने निघताना, जिन्याच्या वळणावर, मला हळू आवाजात सांगितलं.

हे नशीब आहे असं मानून सोडून द्यायला मी तयार नाही, कारण केरळमधल्या बायकांनी ते मानलं नाही. कोळिकोडमध्ये शिवणकाम करणाऱ्या पी. विजी यांनी दुकानांत काम करणाऱ्या बायकांना एकत्र आणलं. सुरुवात संडासाच्या मागणीपासून झाली. दिवसभर उभं राहणाऱ्या, बसलं तर दंड होणाऱ्या विक्रेत्या बायकांनी पुढे बसण्याचा हक्क मागितला. २०१८ मध्ये केरळ सरकारने दुकाने कायद्यात दुरुस्ती करून बसायची सोय बंधनकारक केली. २०२१ मध्ये तामिळनाडूने तसाच कायदा केला. स्टुलासाठी कायदा लागावा याचं मला वाईट वाटतं, पण तो झाला याचा आनंद जास्त आहे.

बाळंतीण बाईबद्दलही कायदा आहे आणि तो आपल्याकडे कोणाला फारसा माहीत नाही. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने कामावर परतलेल्या आईला, मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत, दुपारच्या सुट्टीशिवाय दिवसातून आणखी दोन वेळा बाळाला पाजण्यासाठी सुट्टी दिली. मी ज्या बायकांना विचारलं त्यांच्यातल्या एकीनेही ती घेतली नव्हती. घेणार कशी? बाळ तीन स्टेशनं पलीकडे आणि काउंटरवर ती एकटी.

*

जिथे सुट्टी खरी आहे तिथे काय असतं, हेही मी बघायला गेले. चाकणच्या बाजूला गाड्यांची जुळणी होते. तिथे पट्टा सतत सरकत असतो, एकाने जागा सोडली तर मागची सगळी रांग अडते. अशा पट्ट्यावर रिलिव्हर ठेवायची पद्धत आहे. तो त्या भागातली सगळी कामं शिकलेला असतो. कोणाला संडासला जायचं असेल तर हात वर करतो, रिलिव्हर येतो, त्याची जागा घेतो. जेवणाच्या वेळी सगळा पट्टाच थांबतो आणि सगळे मिळून कँटीनला जातात. यात दयाबुद्धी नाही. पट्टा थांबला तर नुकसान होतं, म्हणून मालकाने माणूस ठेवला. बाबा म्हणायचे तो बदलीचा माणूस मला इथे पुन्हा भेटला, फक्त निळा ड्रेस घातलेला.

जिथे माणूस उठला तरी मालकाचं लगेच नुकसान होत नाही, किंवा नुकसान उठणाऱ्यानेच सोसावं अशी सोय आहे, तिथे रिलिव्हर नसतो. आगगाडीच्या इंजिनात जेवायला आणि लघवीला ठरलेली वेळ मिळावी ही लोको पायलटांच्या संघटनांची जुनी मागणी आहे. एसटीचा चालक ढाब्यावर गाडी थांबवतो तेव्हा निदान सगळी गाडीच थांबते, त्याला एकट्याला उठावं लागत नाही. आपल्या दारात जेवण आणून देणारी मुलं मात्र स्वतः कुठे जेवतात, हे मी आमच्या चौकात दोन दिवस उभं राहून पाहिलं. गाडीच्या सीटवर, हेल्मेट आरशाला अडकवून, वडापाव. त्यांच्या करारात मधली सुट्टी नाही, कारण त्यांना कामगार म्हटलेलंच नाही. हवं तेव्हा अ‍ॅप बंद करा, असं त्यांना सांगतात. बंद केलं की कमाई बंद. चेन्नईच्या महापालिकेने २०२५ मध्ये त्यांच्यासाठी रस्त्याकडेला थंडगार विश्रांतीच्या खोल्या बांधल्या. एका महानगराने केलं, ते दुसऱ्याला का जमू नये?

ऊसतोडीचा करार याहून कठोर आहे, आणि तो महाराष्ट्राचा आहे, म्हणून त्याबद्दल थांबून बोललं पाहिजे. दसरा-दिवाळीनंतर बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून माणसं कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादम उचल देतो, आणि ती उचल फिटेपर्यंत दोघं बांधलेले. पहाटे अंधारात फडात जायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, आणि गाडी रात्री कितीही वाजता आली तरी ती भरायला उठायचं. या करारात विश्रांतीबद्दल एक अक्षर नाही. खाड्याबद्दल आहे. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात. मजुरी बुडते, वर दंड बसतो. बाई आजारी पडली तरी खाडा दोघांचा, कारण कोयता अर्धा होत नाही.

२०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी केली. ८२ हजारांवर बायकांपैकी तेरा हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. कारणं पुष्कळ आहेत. कमी वयातलं लग्न, फडात ना संडास ना पाणी, अंगावर काढलेले आजार, भीती घालणारे डॉक्टर. त्यातलं एक कारण खाडा आहे. पाळीचे चार दिवस बसता येत नाही. बसण्याचे पैसे परवडत नाहीत. तेव्हा कायमचीच सुटका करून घेतलेली बरी, असं पंचवीस-तिशीच्या बायकांना वाटावं, इतका हा करार त्यांच्या अंगात शिरला आहे. गिरणीतल्या साच्यावर निदान शेजारचा माणूस होता. फडात बाईच्या जागी उभी राहणारी बाई कोण? बहुतेक वेळा तिची लेक. शाळा सोडून आलेली.

*

दुसऱ्यांच्या सुट्टीच्या करारात आपणही आहोत, हे मला उशिरा कळलं. बँकेत एक वाजून चाळीस मिनिटांनी काउंटरवर ‘जेवणाची सुट्टी’ची पाटी दिसली की मी कपाळाला आठ्या घालायची. रांगेतल्या लोकांबरोबर मीही बोललेली आहे, यांचं जेवण कधी संपत नाही म्हणून. बाबा वॉचमन असताना एकदा भाकरी मोडत असतानाच फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. ते उठेपर्यंत क्षणभर उशीर झाला म्हणून साहेब गाडीची काच खाली करून बोलले. काय बोलले ते बाबांनी घरी सांगितलं नाही. त्यांना डबा द्यायला गेलेला माझा धाकटा भाऊ तिथे होता, त्याच्याकडून कळलं. तरीही पुढे चाळीस वर्षं मी बँकेतल्या पाटीवर चिडत राहिले.

आमच्या सोसायटीत दोन वॉचमन आहेत, दिवसाचे आणि रात्रीचे. दोघंही बारा तासांचे. एजन्सीच्या करारात त्यांची मधली सुट्टी आहे, मी तो करार मागवून वाचला. पण त्या अर्ध्या तासात फाटकावर कोण, याचा उल्लेख त्यात नव्हता. मी सर्वसाधारण सभेत विषय काढला. एकाने विचारलं, ते बसूनच तर असतात, वेगळी विश्रांती कशाला? दुसऱ्याने विचारलं, त्या वेळात चोरी झाली तर? या दुसऱ्या प्रश्नातच उत्तर होतं. फाटक अर्धा तास मोकळं राहणं आपल्याला चालत नाही, म्हणजे तो अर्धा तास त्यांना मिळत नाही, हे आपणच कबूल करतो आहोत. एजन्सीकडून दुपारी आणि रात्री एकेक तासाचा रिलिव्हर घ्यायचा तर महिन्याचा खर्च घरटी किती येईल, याचा आकडा सेक्रेटरींनी तिथेच काढला. महिनाभराच्या दुधाच्या बिलापेक्षा तो बराच कमी निघाला. ठराव झाला, पण माणूस मिळेपर्यंत तीन आठवडे जाणार होते.

ते तीन आठवडे दुपारचा अर्धा तास आम्ही काही निवृत्त मंडळींनी वाटून घेतला. माझा वार मंगळवार. पहिल्या मंगळवारी दीड वाजता मी खाली गेले आणि म्हटलं, काका, तुम्ही जेवून या, मी बसते. ते साठीला आलेले, जालन्याकडचे. काही केल्या खुर्चीवरून उठेनात. ताई, मी इथंच खातो, तुम्ही कशाला, असं दोनदा म्हणाले. मी रजिस्टर हातात घेतलं तेव्हा उठले. पंपाच्या खोलीशेजारी सावलीत बसून त्यांनी दहा मिनिटांत डबा संपवला, नळावर धुतला आणि परत आले. मी घड्याळ दाखवलं. अजून वीस मिनिटं आहेत.

ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग फाटकाचा लहान दरवाजा उघडून रस्त्यावर गेले. मी खुर्चीतून बघत होते. कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत ते सावकाश चालत गेले, तिथे पाराला टेकून उभे राहिले आणि खिशातून फोन काढला. एक गाडी आली, मी उठून फाटक उघडलं, नंबर लिहिला. दोन वाजायला पाच मिनिटं असताना ते परत फिरले.